पेटीतल्या आबांनी ठरवलेलं लग्न

आमच्या घरी फोन आला त्याच दिवशी आबांनी नियम घातला. फोन वाजला तर बायकांनी उचलायचा नाही. का, हे विचारायचं नाही, तोही नियमच.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. सोनपेठच्या आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्याच्या अलीकडचा माझ्या बापाचा. माझा शब्द मोजणीतच नव्हता, मी परभणीहून बी.ए. होऊन आले होते तरी!

सकाळी पुरुष माणसं शेतात गेली की तो फोन वाजायचा. आई, काकू आणि मी भोवती उभ्या राहून नुसत्या बघायचो. पाळण्यात लेकरू रडतंय आणि उचलायचं नाही, असा जीव व्हायचा. एकदा काकू त्यालाच म्हणाली, "थांब रे बाबा, येतीलच आता."

माझी तगमग वेगळीच होती. मला एम.ए.साठी औरंगाबादला जायचं होतं. आबांचं म्हणणं, तिथं नामांतरावरून रोज मोर्चा नाहीतर बंद, पोरीनं तिथं कशाला जायचं? त्यातच वालूरचं एक स्थळ सांगून आलं. घर मोठं, जमीन मोठी, मुलगा उंच. मी आठ दिवस जेवण सोडलं. आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू, दुपारचंच सोडलं होतं. बापानंही आबांची मनधरणी केली. तेव्हा कुठं आबा विचार करून सांगतो म्हणाले. वालूरचे पाहुणे उत्तर विचारायला फोन करणार होते.

अशात माझा आतेभाऊ दुबईहून सुट्टीवर आला. तिथं तो वायरमन होता. येताना त्यानं एक काळी पेटी आणली, फोनला जोडायची. कुणी उचललं नाही तर पेटी उचलते, आपला भरून ठेवलेला आवाज ऐकवते आणि समोरच्याचा निरोप टेपवर घेते. मी आबांना म्हटलं, बाईनं उचलायचा नाही ना? पेटी काही बाई नाही. आबांना ते चक्क पटलं. अट एकच, आवाज त्यांचा हवा.

आता माझं शहाणपण ऐका. आतेभाऊ म्हणाला, मी सगळं लावून देतो. मी म्हटलं, मला इंग्रजी वाचता येतं. पेटीबरोबर आलेल्या पुस्तिकेची दोन पानं वाचली, बाकीची काय वाचायची म्हणून मिटून ठेवली. आबांना पेटीसमोर बसवलं. त्यांनी टोपी घातली, घसा खाकरला आणि विचारलं, "बोलायचं काय?"

मला कुठला धीर! "रोज फोनवर बोलता तसंच बोला," म्हटलं, लाल दिवा लागलेला पाहिला आणि चहा ठेवायला आत गेले. भरलेला आवाज एकदा ऐकून बघावा, हे पुस्तिकेत तिसऱ्या पानावर होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे ताडकळसला लग्नाला गेलो. तीन दिवसांनी संध्याकाळी दमून परत आलो तेव्हा पेटीवरचा दिवा लुकलुकत होता. मी म्हटलं, सकाळी ऐकू.

सकाळी मी न्हाऊन ओट्यावर केस वाळवत उभी, तर दारात जीप. वालूरचे पाहुणे! मुलगा, त्याचे वडील, दोन आत्या, नारळ, पेढे आणि हिरवी साडी, तिच्यावर माझ्या मापाचं शिवून आणलेलं पोलकं. माप कुठून मिळालं, देव जाणे.

आबांना वाटलं, बापानं बोलावलं. बापाला वाटलं, आबांनी. पाहुण्यांसमोर एकमेकांना विचारायचं कसं? पोहे झाले, चहा झाला. मग मुलाच्या वडिलांनी आबांच्या हातात नारळ ठेवला. "तुमीच फोनवर ठरलं म्हणलाव. मग आमी म्हणलं, उशीर कशाला?"

"मी कवा म्हणलो?"

"परवाच की. लय मायेनं बोललाव. पाऊसपाणीसुद्धा इचारलं."

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाहुण्याला खोटं पाडायचं कसं? म्हणाले, म्हणलो असेन.

मी उठले, पेटी बैठकीच्या मधोमध आणून ठेवली आणि बटण दाबलं.

पेटीतले आबा बोलू लागले. "हां, बोला. कोण बोलायलंय?" आणि थांबले. आबा समोरच्याचं नीट ऐकून घेतात, अगदी तेवढेच थांबले. "हां हां, वळखलं की. समदं बरं हाय का? पाऊसपाणी?" परत थांबले. "बरं. मग काय म्हणायलाव?" या वेळी खूपच वेळ थांबले. "तुमी म्हणता तसंच. ठरलं मग. या, कवाबी या."

टीं.

त्यापाठोपाठ मुलाच्या वडिलांचा ओरडून बोललेला आवाज आला. "लय बरं वाटलं बघा, आबा. रविवारी येतो." टेप पुढे चालूच. कुणीतरी आमची बैलजोडी नेणार होतं. कुणीतरी आबांचं नाव देवळाच्या कमिटीत घालून मोकळं झालं होतं.

मुलानं रुमालात तोंड खुपसलं. त्याचे वडील मान खाली घालून बसले. मी टेप थांबवायचं बटण दाबलं. वाटलं, मिटलं एकदाचं. पण आबा!

"पेटी आसू दे," ते म्हणाले. "आवाज माझाच हाय ना? मग शब्दबी माझाच."

माझं डोकंच फिरलं. "शब्द तुमचा असेल, आबा, पण लग्न माझं आहे. मला हे लग्न करायचं नाही. मी एम.ए. करणार. पुन्हा पुन्हा विचारलंत तरी माझं उत्तर हेच!"

कुणी काही बोललं नाही. आबा नाहीत, बाप नाही, पाहुणे नाहीत. थोड्या वेळानं जीप गेली, साडी परत गेली, आणि मी दोन दिवस घरात छाती काढून फिरले.

तिसऱ्या दिवशी माझे शाळेतले हेडमास्तर दारात. वय साठ, नातवंडांचे आजोबा. आत यायला तयार नाहीत. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बाई, मी तुझ्या बापाला इचाराया फोन केल्ता. बियाणं आलंय का म्हणून."

मी पेटीकडे धावले. परवा थांबवायचं म्हणून दाबलेलं बटण आवाज भरायचं होतं. पेटीतले आधीचे आबा पुसले गेले होते. दोन दिवस आमच्याकडं फोन करणाऱ्या प्रत्येकाला, आबांच्या 'शब्दबी माझाच'च्या पाठोपाठ, मी ठणकावून सांगत होते की मला हे लग्न करायचं नाही, पुन्हा पुन्हा विचारलंत तरी. त्यानंतर आमच्या घरातली सगळी मोठी माणसं गप्प बसलेली, चांगली वीस सेकंद.

मग टीं.