पहिला ठोका, दुसरा ठोका आणि मधली लेक

तर पहिला ठोका पडला आणि घंटामामांच्या डोळ्यांदेखत त्यांची सख्खी लेक गणिताच्या पेपरातून उठून बाहेर आली, इथवर आलो होतो आपण. पण काल निम्मे लोक जांभया देत होते आणि उरलेले मधूनच उठून गेले, म्हणून दोन पावलं मागं जाऊ. नाहीतर तो भला माणूस एवढा का घाबरला, ते कळायचं नाही.

घंटामामा म्हणजे विद्यापीठातल्या वर्गांच्या आणि परीक्षेच्या इमारतीचे शिपाई. इमारत दोन मजली. मधोमध रुंद जिना, जिन्याच्या वळणावर लोखंडाची जाड पट्टी टांगलेली आणि तिच्याशेजारी मामा, हातात लाकडी हातोडी घेऊन. वळणावर ठोका दिला की वरच्या मजल्यालाही ऐकू जातो आणि खालच्याही. बाकी जगात विजेच्या घंटा आल्या, इथंही एक बसवली होती. ती दर पावसाळ्यात मुकी व्हायची. शेवटी सगळ्यांनी मामांच्या हातावरच भरवसा ठेवला.

पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला की मामा तीन ठोके देत. त्या आधी आतल्यानं बाहेर जायचं नाही आणि त्यानंतर बाहेरच्यानं आत यायचं नाही, असा नियम. खरं तर नियमात नुसती "घंटा" होती. तीन ठोके ही मामांची स्वतःची रीत. कुणी नवीन शिक्षक विचारायचे, "मामा, एकात भागत नाही का हो?" मामा म्हणायचे, "पहिला उठणाऱ्यांसाठी, दुसरा धावत येणाऱ्यांसाठी, तिसरा दारासाठी." तिसरा पडला की दोन्ही मजल्यांवरची दारं लागत. दोन ठोक्यांत अंतर किती? तर लोखंड गप्प होईपर्यंत. घड्याळ नाही, मोजणं नाही. पट्टीचा आवाज विरत विरत संपला की पुढचा ठोका. वर्षानुवर्षं तसंच. समोर मोठा अधिकारी येवो की स्वतःला शिंक येवो, हात चुकायचा नाही.

आता लेक. घरात आणि गल्लीत तिला "दोन्ही" म्हणायचे. लहानपणी कुणी गाल ओढून विचारावं, "तू आईची का बाबांची?" तर ही म्हणायची, "दोन्ही." झोका की घसरगुंडी? दोन्ही. आई शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणायची, "ही कार्टी झोपेतसुद्धा दोन्ही कुशींवर एकदम निजेल." विद्यापीठात जायची वेळ आली तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "अर्थशास्त्र का गणित?" उत्तर तुम्हाला कळलंच. कारकुनानं चष्मा वर केला, खाली केला, आतल्या माणसाला विचारून आला. दोन विषय जोडून घेता येतात अशी सोय होती म्हणे, पण आजवर ती कुणी वापरली नव्हती. नव्या घरात पाहुण्यांची खोली असते ना, झाडूनपुसून कुलूप लावलेली, तशी.

झालं. पोरगी सकाळी वरच्या मजल्यावर गणितवाल्यांत आणि दुपारी खालच्या मजल्यावर अर्थशास्त्रवाल्यांत. रात्री जेवताना आईला सांगायची, "आई, गंमत ऐक. वर सर फळ्यावर वाकडी रेघ काढतात आणि तिचा उतार शोधतात. खाली बाई तीच रेघ काढतात आणि म्हणतात, आणखी एक घास खाल्ल्यावर आणखी किती समाधान मिळतं ते बघा. एकच आहे गं ते!"

आई म्हणाली, "म्हणजे एकच गोष्ट तुला दोनदा शिकवतात? मग परीक्षाही दोनदा घेतात की काय?"

मामा खो खो हसले होते तेव्हा. ते हसू पुढं घशात अडकलं.

कारण शेवटच्या वर्षाचं वेळापत्रक लागलं आणि दोन्हीचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. गणिताचा मोठा पेपर आणि अर्थशास्त्राचा मोठा पेपर एकाच सकाळी, एकाच वेळी, एक वर आणि एक खाली. वरच्या आणि खालच्या, दोघाही ठरवणाऱ्यांना वाटलं होतं, ही पोर दुसऱ्यांची. आपण आपल्यांपुरतं बघावं. कारकून म्हणाला, "एकही पेपर चुकला तर जोडविषय गेला. मग उरेल त्या एकाचीच पदवी."

ती वर धावली. गणिताचे सर म्हणजे काटकुळे गृहस्थ, बाहीला कायम खडूची भुकटी. ते म्हणाले, "आमची तारीख आधी ठरली. खालच्यांना सांग बदलायला." मग हळूच म्हणाले, "आणि सोडलंस तरी काय बिघडतं? अर्थशास्त्र म्हणजे गणिताला पावडर लावून फिरायला नेणं."

ती खाली धावली. अर्थशास्त्राच्या बाईंनी थर्मासमधला चहा ओतून दिला आणि म्हणाल्या, "वरच्यांना सांग, बाळ. माझे शंभर विद्यार्थी तयारी करून बसलेत. आणि खरं सांगू? जगात माणसं असतात हे त्या सरांना अजून कुणी कळवलेलं नाही. तू आपली इथंच राहा."

दोघं एकमेकांशी चार शब्द बोलले असते तर प्रश्न मिटला असता. पण व्हरांड्यातल्या एका लाकडी कपाटावरून त्यांचं बोलणं बंद होतं. कपाटाला दोघांचीही कुलपं होती, त्यामुळे ते कुणालाच उघडता येत नव्हतं आणि आत काय आहे ते दोघंही विसरले होते.

घरी मामा एवढंच म्हणाले, "बाळा, मी साधा शिपाई. माझ्या शब्दानं वेळापत्रक हलायचं नाही." आईनं सुईत दोरा ओवता ओवता डोळे पुसले आणि म्हणाली, "आयुष्यात एकदा एकच निवड गं राणी." परीक्षेच्या सकाळी लेक जिना चढून वर गेली. मामांनी वळणावरून पाहिलं आणि मनाशी म्हणाले, म्हणजे गणित निवडलं. खालचं गेलं. बरं, एक तरी राहिलं.

आणि अर्ध्या तासानं त्यांनी पहिला ठोका दिला.

तो हवेत आहे तोवर वरच्या वर्गाचं दार उघडलं. दोन्ही बाहेर! हातात पेन, उत्तरपत्रिका नाही. म्हणजे देऊन आली. अर्ध्या तासात! पोरीला काही सुचलं नाही, कोरा पेपर देऊन उठली, हेही गेलं आणि तेही गेलं, असंच मामांना वाटलं. हाक मारावी तर परीक्षा चालू. ती दोन दोन पायऱ्या उतरत त्यांच्याकडेच येत होती, पण त्यांच्याकडे बघतच नव्हती.

पट्टी गप्प झाली. हात आपोआप उठला. दुसरा ठोका.

ती त्यांच्या शेजारून गेली, ओढणीचं टोक हातोडीला घासून. खाली वळली. आणि मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही पळून चाललेली नाही. ही खालच्या वर्गात चाललीय!

आता बघा त्या माणसाची अवस्था. हातोडी हातात, पट्टीचा आवाज बारीक होत चाललेला आणि लेक अजून खालच्या व्हरांड्यात. तिसरा ठोका जरासा उशिरा दिला तर? कोण विचारणार होतं? आणि आत्ता दिला तर आपल्याच हातानं पोरीच्या तोंडावर दार लावायचं. घामानं हातोडीची मूठ निसरडी झाली. त्यांनी डोळे घट्ट मिटले. लोखंड गप्प झालं.

तिसरा ठोका पडला.

खाली दार धाडकन लागलं. पोर आत पोचली की बाहेर राहिली, कळेना. पेपर संपेपर्यंत मामा त्या वळणावर खांबासारखे उभे होते. खाली डोकावायचं धाडस झालं नाही. पेपर सुटला तेव्हा खालच्या वर्गातून मुलं बाहेर आली आणि त्यांच्यात दोन्ही होती, बोटं शाईनं माखलेली. मामा मटकन पायरीवर बसले.

दुपारी सगळ्यांना परीक्षाप्रमुखांच्या खोलीत बोलावणं आलं. कपाटानंतर पहिल्यांदाच सर आणि बाई एका बाकावर बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. प्रमुखांनी नियमांचं पुस्तक उलटंपालटं केलं. एकाच सकाळी दोन पेपर देऊ नयेत असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहिणार तरी कोण? असं कुणी करेल हे कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं.

"पण वरून उठलीस ती कशी?" सरांचा आवाज दुखावलेला होता. "आमच्यासाठी फक्त अर्धा तास?"

"सर, तुम्हाला थोडक्यात सांगितलेलं कळतं," दोन्ही म्हणाली. "नेमके दोन प्रश्न सोडवले. पास होण्यापुरते. बाईंना समजावून सांगावं लागतं, म्हणून त्यांना उरलेला वेळ दिला. पुढचं मिनिट जिथं जास्त गुण देईल तिथं ते खर्च करायचं. हे खाली शिकले. ते मिनिट नेमकं कुठलं, याचा हिशेब वर शिकले."

बाईंना हसू आलं. सरांनी बाही झटकली, खडू उडाला आणि तो बाईंच्या साडीवर बसला. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक मात्र दोघांनी एका टेबलावर बसून केलं.

प्रमुख मामांकडे वळले. "मामा, सरळ सांगा. तुम्ही ठोका लांबवलात? तुमचं ठरलेलं होतं?"

मामांची पाचावर धारण बसली. तेवढ्यात खालच्या वर्गावरचे पर्यवेक्षक म्हणाले, "नाही साहेब. मुलगी आत आली आणि तिच्या पाठोपाठच तिसरा पडला. नेहमीसारखाच. मी दार लावायला उभाच होतो." वरच्या पर्यवेक्षकांनीही मान डोलावली. दोन्ही उत्तरपत्रिका ग्राह्य धरल्या. निकालात अर्थशास्त्रात ती वरच्या नंबरांत आली आणि गणितात काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूला.

घरी जाताना मामा कोपऱ्यावर थांबले. आनंद होता, पण आत कुठंतरी काटा रुतला होता. म्हणाले, "एवढं सगळं मनात शिजत होतं आणि बापाला एका शब्दानं सांगितलं नाहीस? माझा भरवसा नव्हता तुला?"

दोन्हीनं त्यांचा हात धरला, हातोडीचा हात. म्हणाली, "सांगितलं असतं ना बाबा, तर मायेनं तुम्ही तिसरा ठोका लांबवला असता, नाहीतर भीतीनं लवकर दिला असता. मला तुमचा रोजचाच हात हवा होता. लहानपणापासून ऐकतेय मी तो. भरवसा होता म्हणूनच नाही सांगितलं."