वहिनीचा उजवा हात

आमची वहिनी ट्रॅफिक पोलीस. सगळी नोकरी भर चौकात, उन्हातान्हात काढली, टँकर अंगावर आले तरी साधा ओरखडा नाही. आणि पडली कुठे? घरच्या न्हाणीघरात, साबणाच्या वडीवरून! उजव्या दंडाचं हाड खांद्याच्या जरा खाली मोडलं, तेही तीन तुकड्यांत.

डॉक्टर तोंडावर बोलणारे निघाले. "हात गळ्यातल्या झोळीत बांधून ठेवला तरी हाड जुळेल. पण वाकडं जुळलं तर हात खांद्याच्या वर जाणार नाही. ऑपरेशन करून प्लेट लावली, स्क्रूंनी तुकडे जागच्या जागी धरले, तर आशा आहे. खात्री मात्र देत नाही."

हात वर गेला नाही म्हणजे चौक सुटला, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

माझा दादा बस चालवतो. रस्त्यावर वाघ, दवाखान्यात शेळी. "कशाला ती चिरफाड?" तो म्हणाला. "ऑफिसात टेबलाचं काम मिळेल तुला. पंख्याखाली निवांत बस."

"टेबलाशी तुम्हीच बसा," वहिनी म्हणाली. "डॉक्टर, प्लेट लावा."

प्लेट बसली, टाके निघाले, पुढे झोळीही सुटली. खरी कसोटी त्यानंतर. व्यायामाच्या बाईंनी तिला भिंतीसमोर उभं केलं आणि बोटं भिंतीवरून वर चालवायला सांगितली. ती छातीपर्यंतही पोचेनात. ट्रकवाल्यांना घाम फोडणारी ही बाई माझ्या गळ्यात पडून रडली. मलाही भरून आलं, पण माझी जीभ पडली खवचट. म्हटलं, "काय वहिनी, एवढ्यात हात टेकलेस?"

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. डोळे पुसून ती परत भिंतीकडे वळली. मग रोज दातओठ खात ती त्या भिंतीशी भांडायची, आणि दादा मुकाट्याने शेक द्यायला गरम पिशवी घेऊन उभा असायचा.

परवा ती चौकात पुन्हा रुजू झाली. मी मुद्दाम दादाच्याच बसमध्ये पुढच्या सीटवर बसले होते. चौक जवळ आला आणि वहिनीचा उजवा हात उठला. खांद्याच्या वर, डोक्याच्याही वर, ताठ, पंजा उघडा. दादाने करकचून ब्रेक मारला.

आडव्या रस्त्याच्या गाड्या निघून गेल्या. हात काही खाली येईना.

"अहो ड्रायव्हर, रस्ता मोकळा आहे की!" मागून कोणीतरी कावलं.

दादाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तो म्हणाला, "असू दे हो. तिला हवा तेवढा वेळ धरू दे."