मेणदोऱ्याच्या गाठी

यंत्र दिसलं की आधी तेल, मग बाकी सगळं. पोवीलास गेडविलाला एवढी एकच विद्या येत होती आणि तिच्यावर त्याने उभा जन्म काढला होता. शिकागोला चिकटून असलेल्या सिसरोत पत्र्याचे भाग ठोकणारा एक कारखाना होता. तिथल्या प्रेस-यंत्रांना तेल पाजणं हे निवृत्तीपर्यंत त्याचं काम. कान लावला की कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय ते त्याला कळे. कारखान्यात त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांसाठी तो ‘तेलवाला’.

म्हणून पिनबॉलचं जुनं मशीन त्याच्या तळघरात येऊन पडलं तेव्हा त्याने आधी तेलाची कुपी काढली. चूक तिथेच झाली.

मशीन कोपऱ्यावरच्या कोस्टासच्या बारमधलं. उतरतं टेबल, त्यावर काच, काचेखाली लोखंडी गोळी. ती खालच्या भोकात जाऊ नये म्हणून बटणं दाबून हलवायची दोन पाती, आणि गोळी आदळेल तिथे घंटा. पोवीलासने ते कधी खेळलं नव्हतं. पण त्याची बायको अल्डोना मुलीच्या जन्माआधी पिनबॉलच्याच कारखान्यात होती, तारांच्या टेबलावर. एका फळीवर खिळे ठोकलेले असत. त्या खिळ्यांमधून रंगीत तारा ओढायच्या, त्यांची जुडी करायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने बोटाबोटाच्या अंतरावर गाठी मारत जायचं. मशीनच्या पोटातली सगळी वीज त्या जुडीतून जाते. शनिवारी दोघं बारमध्ये गेली की अल्डोना या मशीनच्या कडेवर थाप मारी आणि म्हणे, "हे माझं आहे. कुणी हलवू नका रे." कुणी काचेवर बिअरचा ग्लास ठेवला तर ती तो उचलून त्याच्याच हातात परत देई. काही बोलत नसे.

अल्डोना ऑक्टोबरात गेली. पोवीलास रडला नाही. लिथुआनियन चर्चमधल्या बायका बटाट्याचा भाजलेला कुगेलिस ठेवून गेल्या. तो त्याने ओट्याशी उभ्यानेच खाल्ला, गरम न करता. दर रविवारी मुलीचा, रासाचा, फोन येई.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

याचं उत्तर त्याला आठवावं लागे.

थंडीच्या तोंडावर कोस्टास फ्लोरिडाला जायला निघाला. बारमधलं सामान भंगारवाल्याच्या गाडीत चढत होतं. पोवीलास फुटपाथवर उभा राहून बघत होता.

"ते मशीन मला दे," तो म्हणाला.

"बंद पडलंय ते."

"दे."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तेल घालता येतं."

कोस्टास हसला. चौघांनी मिळून मशीन तळघरात उतरवलं.

पोवीलासने ते मन लावून केलं. प्रत्येक कॉइलमध्ये मागेपुढे सरकणारा लोखंडी दांडा असतो, त्याला तेल. आकडे फिरवणाऱ्या चाकांना तेल. रिलेच्या बिजागरीला तेल. मग संपर्काच्या पट्ट्या घासल्या, फ्यूज बदलला, गेलेले दिवे बदलले. बटण दाबलं. मशीन उजळलं. गोळी सुटली, घंटा वाजल्या. तो समोर उभा राहिला. आनंद व्हायला हवा होता हे त्याला समजत होतं. चालतंय, एवढंच त्याने मनात नोंदलं. मग रोज सकाळी पाळीवर गेल्यासारखा तो खाली जाऊन खेळू लागला.

फेब्रुवारीत तेलात धूळ आणि काजळी बसून त्याचं काळं लुकण झालं. एका सकाळी मशीन चालू ठेवूनच तो दारासमोरचा बर्फ काढायला वर आला. तेवढ्यात खाली एक दांडा आत जाऊन चिकटला तो परत आलाच नाही. संपर्क सुटला नाही आणि कॉइलमधून वीज वाहतच राहिली. तो खाली उतरला तोवर धूर झाला होता. कॉइल जळली होती आणि तिच्याशेजारची तारांची जुडी वीतभर वितळली होती. त्या वीतभरातल्या गाठींची राख झाली होती.

त्याने प्लग काढला. मग दिवा आत धरून पहिल्यांदाच त्या गाठींकडे नीट पाहिलं. एकसारख्या, एका अंतरावर, जळक्या भागापर्यंत येऊन थांबलेल्या. तिने बांधलेलं आपण जाळलं. हे वाक्य त्याच्या डोक्यात आलं आणि तिथेच बसून राहिलं. रडू मात्र तेव्हाही आलं नाही.

त्याने झिगीला बोलावलं. झिगी पोलिश माणूस, बारोबार फिरून असली मशीनं दुरुस्त करण्यात म्हातारा झालेला. त्याने एका दांड्यावर बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं.

"तेल कुणी घातलं?"

"मी."

"कुठे कुठे?"

"सगळीकडे."

झिगी जिन्याच्या पायरीवरच बसला. "अरे देवा! जन्मभर मी बारवाल्यांना सांगत आलो, बाबांनो, बिअर सांडा पण तेल घालू नका. बिअर निदान वाळते तरी!"

"यंत्राला तेल लागतं."

"तुझ्या प्रेसला लागतं. हे कोरडं चालतं. आता ऐक. ही जुडी कापून काढू. माझ्याकडे एक मोडकं मशीन पडलंय, त्यातली आणून बसवतो. एका दुपारचं काम."

"नको. ती अल्डोनाने बांधलेली आहे."

झिगीने टोपी काढली, पुन्हा घातली. "मग बस आता. एकेक दांडा काढायचा, स्पिरिटने धुवायचा, पुसायचा, कोरडा बसवायचा. कोरडा म्हणजे कोरडा, तेलवाल्या. जळकी तार एकेक करून जोडायची. गाठी मला येत नाहीत. ते बायकांचं काम होतं, आणि आपल्या कुणाच्या बापाला जमायचं नाही."

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागले होते. पोवीलास तळघरात बसून धूत राहिला. एकदा धुतलेला दांडा वाळला की तो कागदावर घासून बघे. कागदावर डाग उठला की पुन्हा स्पिरिट. घाई करायचं कारणही नव्हतं. तारा जोडताना सोल्डरचा तापलेला थेंब हाताच्या पाठीवर पडला. तो थेंबाकडे बघत राहिला. आधी वास आला. दुखलं की नाही ते त्याला सांगता आलं नसतं. अल्डोनाने नळाखाली धरायला लावला असता, म्हणून त्याने हात नळाखाली धरला.

गाठींपाशी मात्र काम अडलं. नव्या तारा जुडीत घालायला जळक्या भागाच्या दोन्ही बाजूंच्या काही चांगल्या गाठी सोडाव्या लागणार होत्या. त्या कापायला त्याचा हात होईना. खिळ्याच्या टोकाने त्याने एक गाठ सैल केली, ती कशी बसलीय ते पाहिलं आणि तशीच बांधायला गेला. ती घसरली. दुसरीही घसरली. शेवटी त्याने बिरूटेला फोन केला. बिरूटे अल्डोनाची धाकटी बहीण, त्याच कारखान्यात तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी. अंत्यविधीनंतर दोघांची गाठभेट नव्हती.

बिरूटे आली. एका हातात हेरिंग माशाचा डबा, दुसऱ्या हातात मेणदोऱ्याचं रीळ. "टोमॅटोची रोपं बांधायला ठेवलं होतं," ती म्हणाली. "आणि हे काय, वाळून काठी झालास की." झिगीही आला होता, नवी कॉइल घेऊन. बिरूटेने चष्मा लावला, दिवा ओढून घेतला आणि मशीनच्या पोटात डोकं घातलं. एकेक गाठ बोटाने चाचपली.

"पोवीलास, ही अल्डोनाची नाही."

"ती म्हणायची, माझं आहे."

"आम्ही सगळ्याच म्हणायचो. बारमध्ये मशीन दिसलं की माझं! तपासायला कोण येतंय?" तिने नखाने एक गाठ दाखवली. "तुझी बायको डावखुरी. तिच्या गाठीचं शेपूट डावीकडे पडायचं. मुकादम ओरडायचा तिच्यावर. ही बघ, उजवीकडे. ही पण. ही पण."

पोवीलासने दिवा घेतला आणि जुडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक गाठ पाहिली. सगळी शेपटं उजवीकडे. अल्डोना बटाटे सोलायची तेव्हा सालं उलट्या बाजूला पडायची. ते त्याने इतकी वर्षं रोज पाहिलं होतं. त्याने दिवा खाली ठेवला.

"मग कुणाची?"

"काय माहीत. टेबलावर खूप जणी होत्या. पण हात चांगला आहे बाईचा. अंतर बघ. कुठे ढिलं नाही."

झिगीने घसा खाकरला. "मग आता काय अडलंय? कापू या. उद्या दुसरी आणतो."

पोवीलास स्टुलावर बसला. छातीत काहीतरी हलेल म्हणून त्याने वाट पाहिली. काही हललं नाही. समोर ती जुडी होती, जळक्या तोंडाची, बाकी धडधाकट.

"नको," तो म्हणाला.

"अरे, तिची नाही ना ती!"

"जिने बांधली तिने नीट बांधली होती. जाळली मी." त्याने बिरूटेपुढे दोरा धरला. "दाखव."

बिरूटेने एकदा दाखवलं, आणि मग दुसऱ्यांदा, सावकाश. मग हात मागे घेतले. त्याने बांधली. तिने नखाने ओढून पाहिली.

"नापास. सोड."

त्याने सोडली, पुन्हा बांधली.

"बुटाची नाडी बांधतोयस का? ओढ. अजून. दोरा तुटला तर मी देते दुसरा, जीव नको देऊस. नापास."

"मुकादम बरा होता म्हणायचा," झिगी म्हणाला.

"तू गप. आणि हा माणूस! लग्नात अंगठी याला घालता येईना. अल्डोनाने याचा हात धरून स्वतःच्या बोटात घालून घेतली. सोड, पुन्हा."

गाठ बसू लागली तेव्हा बिरूटेने "चालेल" म्हटलं. त्याहून मोठं कौतुक त्या टेबलावर कधीच झालं नव्हतं. पोवीलासने वीतभर अंतर गाठीगाठीने भरून काढलं. नव्या कॉइलला शेवटची तार जोडताना सोल्डरची तापलेली सळई त्याच्या बोटाला लागली.

"आई गं!"

दोघांनी वळून पाहिलं.

"भाजलं?" बिरूटेने विचारलं.

"हो."

"दुखतंय?"

त्याने बोटाकडे पाहिलं. "दुखतंय," तो म्हणाला, जरा नवल वाटल्यासारखा.

"मग नळाखाली धर. आणि येऊन ती तिसरी गाठ पुन्हा बांध. मघाशी मी बोलले नाही."

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं. दांडे कोरडे होते, त्यामुळे घंटांचा आवाज बारमध्ये यायचा त्याहून खणखणीत आला. बिरूटेने पहिली गोळी सोडली आणि लगेच घालवली. झिगी खेळायला पुढे झाला. हात मोकळे करायला त्याने बिअरचा ग्लास काचेवर ठेवला.

पोवीलासने तो उचलला आणि काही न बोलता त्याच्या हातात परत दिला.

"घ्या," बिरूटे म्हणाली. "आता हा पण म्हणणार, माझं आहे."

"वीतभर," पोवीलास म्हणाला.