तळ्यात सोडलेली चेनपुली

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र अजून वेगळी राहिली आहे.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला फौजदार होतो. हद्दीत लोखंडी टाक्या बनवणारा एक कारखाना होता. दसरा नुकताच झाला होता. वर उचललेली टाकी अचानक खाली आली आणि एक कामगार दवाखान्यात नेईपर्यंत गेला.

मालकाची वर्दी उशिरा आली. टेलिफोन बंद होता म्हणे. असे टेलिफोन नेमके अशाच वेळी बंद पडतात. आम्ही पंचनामा केला. चेनपुली, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, गर्डरला शाबूत लटकत होती. विमा कंपनीच्या अटीप्रमाणे तिची वेळोवेळी तपासणी व्हायची. दाखला ताजा होता आणि पुलीवर ठोकलेला नंबर त्याच्याशी जुळत होता.

"पुली पास आहे साहेब," मालक म्हणाला. "टाकी ज्यानं अडकवली, त्याची चूक."

अडकवणारा मेलेल्याचाच जोडीदार होता. दोघं एकाच गल्लीत राहायचे. जखमीला घेऊन तोच दवाखान्यात गेला होता आणि तिथूनच आम्ही त्याला ताब्यात घेतलं. हलगर्जीपणामुळे मृत्यू, असा गुन्हा दाखल झाला. विचारलं की त्याचं एकच उत्तर, "हूक सरळ झाला साहेब. म्या डोयानं पायलं."

त्याची बायको डबा घेऊन ठाण्याच्या बाकावर बसायची. एकदा म्हणाली, "दोस्ताले यानंच मारलं म्हणून गल्ली आमच्याशी बोलून नाही राहिली. सुटून आला तरी तोंड कोठं दाखवन?" मला वाईट वाटलं. पण पंचनाम्यातला हूक तर नव्यासारखा वळलेला होता.

मी पुन्हा कारखान्यात गेलो. खंडेनवमीची पूजा जागोजागी दिसत होती. लेथला झेंडू, ड्रिलला शेंदूर, हातोड्यांनासुद्धा हळदकुंकू. वरच्या गर्डरला हार होता. त्याला लटकणारी पुली मात्र कोरी करकरीत.

मिस्त्री कारखान्यातला सर्वांत जुना माणूस. पूजा दरवर्षी त्याच्याच हातची. मी विचारलं, "मिस्त्री, पुलीला टिळा का नाही?"

"उंचावर हाय नं साहेब. राहून गेला."

गर्डरपर्यंत चढणारा माणूस पुलीला विसरतो, हे मला पटेना. पुली बदलली असणार, हे उघड होतं. जुनी भंगारात गेली असेल म्हणून शहरातले भंगारवाले पालथे घातले. हाती काही लागलं नाही.

मग सक्करदऱ्याच्या तळ्याजवळ फुलं विकणाऱ्या बाईनं आमच्या बीट हवालदाराला हटकलं. "देवीचं विसर्जन झालं, तरी मागं एक बुढा सायकलवर जड गाठोडं घेऊन आला. हार, नारळ घेतला माह्याकडून अन् गाठोडं पान्यात सोडलं. हात जोडून रडून राहिला होता गा!"

मी मिस्त्रीला ठाण्यात बोलावलं. चहा पाजला. आवाज न चढवता एवढंच विचारलं, "नारळ फोडला होता, की तसाच सोडला?"

त्यानं बशी खाली ठेवली. "तसाच सोडला साहेब," तो म्हणाला आणि सगळं ओकला. "मालक म्हणे, उमरेडच्या भंगारवाल्याले देऊन ये. पन ज्याले वर्सानुवर्सं शेंदूर लावला, त्याले घनाखाली तोडाले कसं देऊ? मन नाही झालं."

मासेमारांनी गाठोडं वर काढलं. हूक उघडून जवळजवळ सरळ झाला होता आणि आतल्या भेगेत जुना गंज होता. मालकानं दोन पुल्या ठेवल्या होत्या. नवी कपाटात राहायची आणि तपासणीच्या दिवशी तेवढी वर चढायची. कामाला मात्र झिजलेली जुनी. अपघातानंतर त्यानं नवी लटकवली, मग आम्हाला कळवलं. बाकीचे कामगार नोकरी जाईल या भीतीनं गप्प बसले. मालकाला अटक झाली.

तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात अपघात झाला, की मी दाखला नंतर बघायचो. आधी विचारायचो, "रोज ज्यानं काम करता ते दाखवा."

जोडीदार सुटला, त्या दिवशी मिस्त्री ठाण्याच्या फाटकात हात जोडून उभा होता. जोडीदार त्याच्यासमोर थांबला. शिवी देईल असं मला वाटलं. पण तो शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, लोखंड तोडाले तुमचं मन झालं नाही. मले आत बसवाले कसं झालं?"

जोडीदार बायकोसोबत चालत गल्लीकडे निघाला.

मालकासारखी माणसं आयुष्यभर पाहिली, त्यांची मला कधी भीती वाटली नाही. मिस्त्री मात्र भला माणूस होता, आणि अशा माणसाच्या गप्प बसण्यानं दुसऱ्याचं काय होऊ शकतं, याची भीती मला अजून वाटते.