मोहरीचा वास

आमच्या टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये काचेच्या बाटल्यांत मोहरीची रोपं वाढवणाऱ्या बाई कसबा बावड्याहून यायच्या. बोलणं खणखणीत, दारातूनच हाक मारणारं. पण चिमट्यानं कोवळा कोंब उचलताना त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. "ये बाळा, न्हाय दुखत."

रोपं सुदृढ झाली की खोक्यांत भरून राजस्थानला जायची. बाईंची लेकही तिकडंच होती, फौजी नवऱ्याबरोबर. लग्नानंतर ती एकदाही माहेरी आली नव्हती. व्हिडिओ कॉलवर ती घरामागचं मोहरीचं पिवळं शेत दाखवायची. बाई म्हणायच्या, "दिसतंय की गं, पण वास कुठं येतोय?"

यंदाच्या थंडीत आमच्या हरितगृहातलं एक रोप वेळेआधीच फुललं. ते टाकून द्यायचं म्हणून मी उपटायला गेले, तर बाईंनी माझा हात धरला.

"ताई, थांबा की वाईच."

तोंडावरचा मास्क खाली ओढून त्या फुलांवर वाकल्या. डोळे मिटून कितीतरी वेळ तशाच राहिल्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या,

"असल्या वासात राहतीया व्हय माझी पोरगी!"