मीठ मी घातलं होतं

लिहायला बसले आणि आधी उठून दार लावून घेतलं. घरात दुसरं कुणी नाही. मुलगा पुण्याला असतो, हे जाऊन बरीच वर्षं झाली. तरी लावलं. ही गोष्ट मी यांच्या फोटोसमोरसुद्धा कधी पुटपुटले नाही. भावाला नाही, बहिणीला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, उद्या रस्त्यात भेटणार नाही — म्हणून तुम्हाला सांगायला जमेल असं वाटतंय. बघू.

पोलादपूर सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं, की घाट चढायच्या आधी खाली आमची वाडी दिसते. तिथली मी पोलीस पाटील. म्हणजे वाडीत मारामारी झाली, कुणाचं काही बरंवाईट झालं, की पोलीस ठाण्याला खबर द्यायची, आणि साहेब आले की पुढे होऊन वाट दाखवायची. बाई पोलीस पाटील झाली तेव्हा पुरुष मंडळी गालात हसली होती. वर्षभरात तीच मंडळी ‘पाटीलबाई, जरा या’ म्हणत दारात यायला लागली. मला हे पद आवडायचं. खोटं कशाला बोलू? साहेबांच्या गाडीत पुढे बसून वाडीत शिरताना माझी मान आपोआप ताठ व्हायची.

वनिता माझी शेजारीण. नात्याने लांबची जाऊ, म्हणून मला वैनी म्हणायची. तिच्या आणि माझ्या परसात नुसतं काट्यांचं कुंपण — तिकडे भाजीला फोडणी पडली की इकडे मला ठसका लागायचा. नवरा मुंबईला एका गाळ्यावर कामाला, सणासुदीला यायचा. घरात सासू, डोळ्यांनी अधू. आणि दोन मुली. धाकटीच्या वेळी वनिता मरता मरता वाचली होती, महाडला नेईपर्यंत जीपची सीट रक्ताने भिजली होती. तेव्हा मीच तिच्यासोबत होते. हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल, आमचं वाकडं असेल. वाकडं काही नव्हतं. तिच्यावर माझी माया होती.

नवरा मे महिन्यात येऊन गेला आणि तिला दिवस राहिले. तिला पुन्हा त्या जीपमध्ये मरायचं नव्हतं. महाडला एका दवाखान्यात गेली, तर तिथे सांगितलं, नवऱ्याची सही आणा. नवरा फोनवर म्हणाला, राहू दे, या खेपेला मुलगा होईल. गणपतीला आला तेव्हाही तेच. मग एक दिवस ती माझ्या पडवीत येऊन बसली.

“वैनी, तू चल ना माज्यासंगट. तू पाटील हायस, तुजा शब्द ऐकतील ते.”

मी म्हटलं, सही लागतेच गो, कायदाच आहे तसा. — कायदा मला काय ठाऊक होता? काही नाही. पण पाटीलबाईने ‘माहीत नाही’ कसं म्हणायचं? आणि शिवाय, कशाला त्या भानगडीत आपलं नाव. ती उठून गेली. सहीच्या मागे धावता धावता दिवस वर गेले होते.

हा माझा गुन्हा नाही. म्हणजे हाही आहे, पण सांगायला बसले तो पुढे आहे.

भातकापणीचे दिवस होते. दुपारी सगळी वाडी शेतात. माझा पाय मुरगळला होता म्हणून मी घरी. कुंपणापलीकडून हाक आली, अगदी बारीक. गेले तर वनिता मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढराफटक. मुली शाळेत, सासू पुढच्या ओटीवर झोपलेली. महाडच्या कुठल्याशा मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या होत्या. सगळं होऊन गेलं होतं. शेजारी जुन्या पातळाच्या घडीत ते होतं.

मी रडले नाही. अशा वेळी मला काम सुचतं. आधी तिला पाणी पाजलं, कपडे बदलले. मग कुदळ घेतली. आमच्याकडे एवढ्या लहान जीवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. आणि पुरताना वर मीठ घालतात. का घालतात, कुणाला विचाराल तर धड सांगता येणार नाही. कुणी म्हणतं जनावर उकरत नाही, कुणी म्हणतं माती लवकर पोटात घेते. माझ्या आईने माझ्या पाठच्या भावाला असंच ठेवलेलं मी पाहिलंय, आणि घरी येऊन ती दिवसभर कुणाशी बोलली नव्हती. तिच्या न्हाणीच्या मागे केळीच्या बुडाशी मी खड्डा केला. मीठ माझ्या घरून आणलं, खडेमीठ, ओंजळभर. माती लोटली, वर करवंदीच्या काट्या ठेवल्या. वनिताला उठवत नव्हतं. ती पडवीतून नुसती बघत होती.

“कुनाला बोलू नको हां, वैनी.”

मी तिच्यावर चिडलेच. म्हटलं, मी काय अशी वाटले तुला?

— इथे मी थांबले होते. चहा करून आले. चहा नको होता.

दोन दिवसांनी तिचं रक्त थांबेना. सासूने आरडाओरडा केला, वाडीतल्या पोरांनी तिला जीपमधून तालुक्याला नेलं. डॉक्टरने विचारलं, तिने गोळ्यांचं सांगितलं, त्याने पोलिसांना कळवलं. त्यांचं कामच ते. आणि संध्याकाळी माझा फोन वाजला. “पाटीलबाई, तुमच्या वाडीतली केस आहे. तुम्हाला काही खबर नाही?”

हातात कुदळ घेऊन तिच्या परसातून येताना मला कुणी पाहिलं असेल तर? पाटील म्हणून जिने खबर द्यायची तीच पुरून आली, हे कळलं तर? पद तर जाईलच, पण आत कोण जाईल? माझ्या पदाचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं, वाडीतले दोघे टपून बसले होते. हे सगळं मनात यायला किती वेळ लागला असेल? साहेब ‘हॅलो, हॅलो’ म्हणेपर्यंत माझं उत्तर तयार होतं. म्हटलं, साहेब, मला काही ठाऊक नाही. पण वाडीत कुजबुज आहे. तुम्ही या, मी जागा दाखवते.

दाखवली. सकाळी गाडी आली. वनिताच्या थोरल्या मुलीने दार उघडलं, कोण कशाला आलंय तिला कळेना. मी सगळ्यांना घेऊन न्हाणीच्या मागे गेले आणि बोट दाखवलं. कुत्री इथे घुटमळत होती म्हणे, असं म्हणाले. कोण म्हणे? कुणीही विचारलं नाही. पाटलाच्या शब्दावर पोलीस चालतात, ती कामाची रीतच आहे.

उकरलं तर मातीत मीठ. साहेब खाली वाकून बघत राहिले. म्हणाले, बघा, किती डोकं चालवलंय, पुरावा विरघळवायला मीठ टाकलंय. पंच म्हणून उभ्या केलेल्या दोन पुरुषांनी माना डोलावल्या. त्या दोघांनाही ती रीत ठाऊक होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी केळीच्या पानांकडे पाहत होते.

गर्भ पाडल्याचा एक गुन्हा लागला, गुपचूप पुरल्याचा दुसरा, आणि मिठाने पुरावा नष्ट केल्याचा तिसरा. दवाखान्यातून ती सरळ कोठडीत गेली, मग जामिनावर आली, मग तारखा सुरू झाल्या. तिने पहिल्यापासून एकच धरून ठेवलं — सगळं मी एकटीनं केलं. जिला दोन दिवस उठता येत नव्हतं, तिने कुदळ कशी मारली? हेही कुणी विचारलं नाही.

कोर्टात माझी साक्ष झाली. तिला सरकारकडून एक तरुण वकीलबाई मिळाली होती, चष्म्याची, आवाज लहान. पण पोरगी हुशार. तिने बरोबर तेच विचारलं. “तुमच्या भागात लहान मूल पुरताना मीठ घालायची पद्धत आहे ना?” वाडीतलं दुसरं कुणी साक्षीला यायला तयार नव्हतं, म्हणून तिची सगळी भिस्त माझ्यावर. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. सगळं कोकण हो म्हणेल अशी गोष्ट.

माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की पुढचा प्रश्न कोणता येईल. मीठ कुणी घातलं?

मी म्हणाले, “नाही. आमच्याकडे अशी पद्धत नाही.”

वनिता समोर उभी होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिला शिक्षा झाली. निकालात मिठाचा उल्लेख आला, ‘थंड डोक्याने’ की असंच काहीतरी. मला तेव्हा कुणी थंड डोक्याची म्हणालं नाही. उलट तपासात सहकार्य केलं म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, आणि माझं नूतनीकरण झालं.

पुढे एकदा आम्हा पाटलांचं प्रशिक्षण होतं. एक बाई कायद्याचं सांगत होत्या. म्हणाल्या, सज्ञान बाईला डॉक्टरकडून गर्भपात करून घ्यायचा तर तिची स्वतःची सही पुरते, नवऱ्याच्या सहीची गरज नाही. माझ्या शेजारचे पाटील बिस्कीट चहात बुडवत होते. मी वहीत लिहून घेतलं, सगळे लिहीत होते म्हणून.

आता मुलींचं. आई आत गेली तेव्हा थोरली आठवीत होती आणि धाकटी दुसरीत. म्हातारीला चुलीतला जाळ दिसायचा नाही, तर थोरलीच सगळं करायची. मग तिची शाळा सुटली. सकाळी कुंपणापलीकडून भाकऱ्या थापल्याचा आवाज यायचा, आणि धाकटीचं रडणं — करपलेली भाकरी खायची नाही म्हणून. मला सगळं ऐकू यायचं. माझ्याकडे दूध होतं, तांदूळ होता, वेळ होता. मी काय करायचे, सांगू? रेडिओ मोठा लावायचे. त्या घराच्या ओटीवर मी एकदाही चढले नाही. थोरली कधी पाणवठ्यावर समोर आली तर मी फोन कानाला लावायचे. मग एक दिवस बाप आला आणि दोघींना मुंबईला घेऊन गेला. वनिताला त्या पुन्हा भेटता कामा नयेत, असं तो सगळ्यांना सांगून गेला.

सुटल्यावर वनिता वाडीत आली नाही. सासरी दार बंद होतं. ती माहेरी गेली, गडाच्या पायथ्याला हिरकणीवाडीला. मला ठाऊक होतं. मी तिला भेटायला गेले, असं लिहावंसं वाटतंय. गेले नव्हते. मुंबईहून भाचे आले होते, त्यांना गडावर जायच्या रोपवेत बसायचं होतं, म्हणून गेले. खाली उतरल्यावर पोरं एका टपरीवर सरबत प्यायला थांबली आणि आतून वनिता आली.

केस पांढरे झाले होते. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर बोलणार. तिने फडक्याने बाकडं पुसलं आणि म्हणाली, “बस गो, वैनी.” भाच्यांना सरबत दिलं. मला दिलं. मग हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली, आणि खालच्या आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाली —

“तुजं नाव मी मुद्दाम नाय घेतलं. तूपन आत गेली असतीस तर माज्या पोरींकडं कोन बघनार होतं? आत तेवढाच आधार होता मला. वैनी हाय शेजारी, म्हनायची.” मग म्हणाली, “जेवायच्या ना गो त्या तुज्याकडं?”

मी म्हणाले, “हो.”

तिथे तरी थांबायचं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, अजून काहीतरी ऐकायचं होतं तिला. तर मी सांगितलं, की धाकटी रोज संध्याकाळी यायची, तिला माझ्या हातची तांदळाची भाकरी आवडायची, दुधात कुस्करून दोन-दोन खायची. वनिता ऐकत राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. माझा हात तिने दोन्ही हातांत धरला होता.

धाकटी माझ्या घरी कधीच जेवली नाही.