डबीवरची चिनी अक्षरं

आईला सुया टोचून घ्यायला मीच घेऊन गेलो होतो. तोवर शेक, तेलं, मलमं, गुडघ्यांचे पट्टे सगळं करून झालं होतं. रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात आयुष्यभर खिडकीमागे बसलेली माझी आई आता पलंगावरून उठताना भिंत धरायची. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "काही जरूरत नाहीये. चालतंय ना अजून."

पलासिया भागात माझ्या ऑफिससमोरच ॲक्युपंक्चरवाल्या डॉक्टर बसायच्या. कमी बोलणारी बाई. पहिल्या दिवशी त्यांनी आईच्या सगळ्या औषधांची यादी लिहून घेतली, मगच तिला पाय सरळ करून झोपवलं.

"सुई केसासारखी असते, काकू. मुंग्या येतील, जड वाटेल. दुखलं तर लगेच सांगायचं."

गुडघ्याच्या वाटीखालच्या दोन्ही खळग्यांत, मग नडगीच्या बाजूला, अशा एकेक सुया गेल्या. आई डोळे मिटून पदर मुठीत घट्ट धरून पडली होती. वीस मिनिटांनी सुया काढल्यावर म्हणाली, "एवढंच?"

आठवड्यातून दोनदा आम्ही जायचो. महिन्याभरात सकाळचं आखडणं कमी झालं, पण जिने काही चढवेनात. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, "झिजलेला सांधा मी नवा करू शकत नाही. दुखणं कमी होईल, तेही हळूहळू." पण मला घाई होती. दर वेळी ऑफिसातून निघताना साहेबांचा चेहरा बघावा लागायचा, आणि घरी आईचं कण्हणं होतंच.

शेजारच्या टेबलावरच्या मित्राने एक दिवस छोटी डबी माझ्या हातात ठेवली. "भिया, माझी आई चार दिवसांत उभी झाली. चायना की जड़ी-बूटी है, एकदम प्युअर." स्नेहलतागंजमधल्या कुणाकडून तरी तो आणायचा. आत मिऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या, झाकणावर चिनी अक्षरं. आत काय काय आहे हे वाचता येईल असं एक अक्षर डबीवर नव्हतं.

"डॉक्टरांना विचारलंस?" आईने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "सुयांबरोबरचंच औषध आहे."

पाचव्या दिवशी ती एकटी जिना चढून गच्चीवर गेली आणि तिथून मला हाका मारायला लागली. एवढा आनंद मी तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी ऐकला. डबी संपली की मी दुसरी आणायचो. दोन महिन्यांत तिचा चेहरा गोल झाला. बडा गणपतीजवळच्या आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, तब्येत सुधारली हो!

डॉक्टर मात्र एके दिवशी सुई हातात धरून थांबल्या. मागच्या वेळी जिथे सुई गेली होती तिथे निळा-काळा डाग उमटला होता. त्यांनी आईचा चेहरा न्याहाळला, मनगटावरची पातळ झालेली कातडी बघितली.

"काकू, आणखी काही घेता का तुम्ही? गोळी, चूर्ण, काहीही?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं ते त्याच क्षणी. मी खिडकीबाहेरची गर्दी बघायला लागलो.

"नाही," आई म्हणाली.

त्या दिवशी डॉक्टरांनी सुया टोचल्याच नाहीत. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. रिक्शात बसल्यावर आईने पदर सावरला. मग म्हणाली, "विचारलं नव्हतंस तू."

घरी आल्या आल्या मी गोळ्या मोरीत ओतल्या, डबी कचऱ्याच्या गाडीत टाकली. वाटलं, विषय संपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई उठेना. दोनदा उलटी झाली. अंग गार, घामाने भिजलेलं. बीपीचं मशीन लावलं तर आकडा इतका कमी की मी दुसऱ्या हाताला लावून पाहिलं. मी डॉक्टरांना फोन केला.

"खरं सांगा, गोळ्या होत्या का?"

"होत्या."

"किती दिवस?"

"दोन महिने. परवा बंद केल्या, एकदम."

 त्या भराभर बोलल्या. "असल्या गोळ्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ते एकदम तोडलं तर शरीर कोसळतं. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्या. तिथे पोचल्यावर पहिलं हेच सांगायचं. काही लपवू नका."

रिक्शात आईचं डोकं माझ्या खांद्यावर घरंगळत होतं. मी तिला सारखा हाक मारत होतो. ती कधी "हं" म्हणायची, कधी नाही. प्रत्येक सिग्नलला मी ड्रायव्हरवर ओरडत होतो. इमर्जन्सीत शिरलो तेव्हा सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, मी काय दिलं, किती दिवस, कुणाला न विचारता. इंजेक्शन, सलाइन सुरू झालं. संध्याकाळी तिने डोळे उघडून चहा मागितला, तेव्हा कुठे मी खाली बसलो.

तिथल्या डॉक्टरांनी स्टिरॉइडच मोजून मापून पुन्हा सुरू केलं. आता काही महिने ते हळूहळू कमी करत न्यायचं होतं. आई माझ्यावर ओरडली नाही. इतकंच म्हणाली, "मीही खोटं बोलले. त्या सुयांवाल्या डॉक्टरसमोर तुला खाली बघायला लावायचं नव्हतं मला." त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

गुडघे पुन्हा दुखायला लागले, पहिल्यापेक्षा जास्त. हॉस्पिटलची चिठ्ठी मिळाल्यावरच सुया परत सुरू झाल्या. आई आत पडली असताना डॉक्टर मला बाहेर म्हणाल्या, "गोळ्या दिल्यात ते एक वेळ समजू शकते. पण मी विचारत होते, तेव्हा तुम्ही गप्प बसलात."

मित्राला मी हॉस्पिटलनंतर ऑफिसात गेलो त्या पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. त्याने ऐकूनच घेतलं नाही. "तुझ्या आईला सूट नसेल झाली. माझी आई तर धावतेय." नंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागला. काल जेवणाच्या सुट्टीत मी न राहवून विचारलं, "तुझ्या आईचा चेहरा गोल झालाय का रे?"

त्याने डबा बंद केला. खिशातून फोन काढला. मग हळूच म्हणाला, "नंबर दे त्या डॉक्टरचा."